बेनिनचे फलक पहिल्यांदा बघताना

लंडनला पहिल्यांदाच जाताय ना? मग ब्रिटिश म्युझियममधला अख्खा आफ्रिका विभाग एका दुपारी उरकायच्या भानगडीत पडू नका. २५ क्रमांकाच्या दालनातले बेनिनचे फलक, म्हणजे उठावदार आकृत्यांचे ओतीव धातूचे पत्रे, तेवढे धरा.

नवखा माणूस हमखास चुकतो तो नावात. ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतात, पण बरेचसे फलक पितळेचे आहेत. आणि हे बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य; शेजारचा बेनिन देश वेगळा. (मीही नकाशावर भलतीकडेच बोट ठेवलं होतं.)

बघताना एवढंच करा:

- फलक सुटं चित्र समजू नका. ते ओबाच्या, म्हणजे राजाच्या, वाड्यात खांबांवर ठोकलेले असत. मधली मोठी आकृती मानाची, कडेच्या छोट्या सेवकांच्या. लांब केसांचे, दाढीवाले दिसले तर ते पोर्तुगीज! पितळाची कडी आणून विकणारे हेच.
- पाटीवर १८९७ दिसलं की थांबा. त्या वर्षी ब्रिटिश फौजेनं वाडा लुटला. जर्मनीनं २०२२ मध्ये आपल्याकडच्या अशा शेकडो वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली.

मेण वितळवून ओतकाम कसं करतात, कोणता फलक कोणत्या काळातला, हे सगळं दुसऱ्या फेरीला. आणि ‘आदिम कला’ हा शब्द मात्र घरीच ठेवून जा.