आपत्तीनंतर कानात सुया टोचून मनाचा धक्का खरंच कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणच्या 2021 च्या पुरापासून तुमच्या आई पावसाळी रात्री झोपत नाहीत, पाणी वाढलं का बघायला उठून उठून दारात जातात, आणि कुणीतरी कानात सुया टोचायला सांगितलंय. मी ॲक्युपंक्चर करते. हाच उपाय 2015 च्या भूकंपानंतर नेपाळात, भक्तपूरला, मी स्वतः केलाय. झोप लागायला आणि छातीतली धडधड उतरायला याने मदत होते असा माझा अनुभव आहे. पण मनात घर केलेली भीती एवढ्यावर जात नाही.

ही पद्धत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या लिंकन हॉस्पिटलात घडली. 1970 च्या दशकात तिथे हेरॉइन सुटावं म्हणून कानात सुया टोचत. पुढे डॉ. मायकेल स्मिथ यांनी एका कानात पाच अशी ठिकाणं ठरवून दिली. 2001 च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये आणि 2005 च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्समध्ये तेच पाच टोचे धक्का बसलेल्या लोकांसाठी वापरले गेले.

भक्तपूरला आम्ही पोचलो तेव्हा 25 एप्रिलचा मोठा भूकंप आणि 12 मेचा दुसरा मोठा धक्का, दोन्ही होऊन गेले होते. ज्यांची घरं उभी होती तेही आत पाऊल टाकत नव्हते. ताडपत्रीखाली वीसेक जण गोल बसायचे. स्पिरिटच्या बोळ्याने कान पुसायचा, केसासारखी बारीक सुई टोचायची आणि पाऊण तास गप्प बसू द्यायचं. घरातलं कोण गेलं, काय पडलं, काहीही विचारायचं नाही. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तोवर प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला तीच कहाणी सांगून ती माणसं थकली होती.

एक आजी रोज यायच्या. एकदा कानात सुया असतानाच जमीन हलली. सगळे ताठ झाले. आजींनी शेजारच्या पोरीचा हात घट्ट धरला, आणि हलायचं थांबलं तरी सोडला नाही. मी सुया काढायला गेले तर बसल्या जागी गाढ झोपलेल्या! नातू कुजबुजला, "अजून राहू दे ना, दीदी." मी बाकी सगळ्यांच्या सुया मोजून काढल्या, त्यांच्या सर्वात शेवटी.

हे का होतं? एक शक्यता अशी की व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी कानाच्या खोलगट भागात येते, आणि हा मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो. पण पुरावा तोकडा आहे हेही ऐकून ठेवा. कोकेनच्या व्यसनासाठी हेच टोचे वापरून अमेरिकेत 620 जणांवर चाचणी झाली. 2002 मध्ये निकाल आला: भलत्या जागी सुया टोचलेले आणि नुसते शांत बसवलेले लोक यांच्यापेक्षा या रुग्णांना जास्त गुण आला नव्हता. म्हणून "पाच बैठकांत भीती मुळासकट घालवतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

आईंचं दुखणं काही वर्षांचं आहे, त्यामुळे आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. अशा आघातासाठी खास समुपदेशन असतं, डोळे ठरावीक तऱ्हेने हलवत ती आठवण हाताळायची ईएमडीआर नावाची पद्धतही असते, आणि त्यांचा पुरावा सुयांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. जवळपास कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीला 14416 वर फोन करा, पैसे पडत नाहीत. सुया त्याच्या जोडीला घ्या. औषधं चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका.

सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते इथेही खरं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरची स्वतंत्र परिषद आहे, तिथे नोंदणी असलेल्याकडेच जा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी किंवा मधुमेह असेल तर आधी बोला. उपाशीपोटी नेऊ नका, चक्कर येते.

आणि पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून तुम्हीही टोचून घ्या. आई दारात जातात हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे त्या रात्री तुम्हीही जागेच असता.