‘रेड हेरिंग’ वाचून मीही मासळीच्या पावत्या शोधल्या होत्या

वेंगुर्ल्याच्या काजूवाल्या भावांनी विचारलंय: परदेशी गिऱ्हाइकाने ‘मॉइश्चरचा आकडा रेड हेरिंग आहे’ असं लिहिलंय, आमच्या मालाला मासळीचा वास लागला का? वाचून पोटात गोळा आला. याच दोन शब्दांपायी माझा बोटीचा विमा गेला.

मालाला वास लागलेला नाही. गोदाम धुऊन काढू नका.

हेरिंग हा उत्तर अटलांटिकचा मासा, आपल्या तारलीच्या नात्यातला. भरपूर मीठ लावून तो बरेच दिवस धुरावर ठेवला की तांबूस होतो आणि उग्र वास मारतो. सशाच्या मागावरच्या कुत्र्यांना लहानपणी आपण असा मासा वापरून भलतीकडे वळवलं, अशी गोष्ट विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये लिहिली. नेपोलियन हरल्याच्या खोट्या बातमीमागे लागलेल्या वर्तमानपत्रांना त्याने हा दाखला दिला होता. खऱ्या मुद्द्यावरून लक्ष उडवणारी गोष्ट, हा अर्थ त्यामुळे लोकांच्या तोंडी बसला. मला आपला ‘हूल’ हा शब्द त्याच्या सगळ्यात जवळचा वाटतो.

आमची बोट हर्णैला होती. पाणी भरून इंजिन गेलं. त्याआधी इंजिनाचा आवाज बदलला होता, असं तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, जबाबात सांगितलं. विमा कंपनीच्या पाहणी अहवालात आलं, ‘आवाज हा रेड हेरिंग आहे, फळ्यांच्या दुरुस्तीची कागदपत्रं द्या.’ फोनने भाषांतर दिलं ‘लाल हेरिंग’. बोटीत कुठली मासळी होती यावरच त्यांचा संशय आहे, असं मी धरून चाललो आणि लिलावाच्या पावत्या, बर्फाची बिलं, डिझेलची बिलं गोळा करत बसलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फळ्या बदलल्याची बिलं घरातच ट्रंकेत होती, ती पाठवलीच नाहीत. त्या कार्यालयात तीनदा गेलो. ‘रिपोर्टात सगळं लिहिलंय,’ यापलीकडे कोणी बोललं नाही. मुदत संपली, दावा बंद झाला, इंजिनासाठी बायकोचे दागिने गहाण पडले. विमा विकताना घरी येऊन मराठीत बोलतात, मग नाकारताना एक वाक्य मराठीत सांगायला काय जातं? अजून राग जात नाही.

तुमच्या मेलमध्ये तुम्हाला खोटं ठरवलंय असं लगेच समजू नका. हा शब्द दर वेळी कपटासाठीच वापरतात असं नाही. आकडा खरा असतो, पण अडचणीचं कारण तो नसतो. म्हणून मॉइश्चरचे आणखी रिपोर्ट पाठवण्यात अर्थ नाही. त्या वाक्याच्या पुढचं वाक्य नीट वाचा. तुकड्याचं प्रमाण, कीड, पॅकिंग, काहीतरी तिथे असेल. नसेल तर सरळ विचारा, ‘मग अडचण नक्की कशात आहे?’ मी काजूतला नाही आणि पूर्ण मेल पाहिलेला नाही, तेव्हा पैशाचा निर्णय निर्यातीतल्या माहीतगाराला दाखवूनच घ्या.

शेअरवाल्यांसाठी: ‘रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस’ ही फसवणूक नव्हे. शेअरचा भाव किंवा संख्या पूर्ण न दिलेलं ते माहितीपत्रक, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३२ मधलं. मुखपृष्ठावर लाल शाईत सूचना छापायच्या, म्हणून अमेरिकेत ते नाव पडलं.

मेलमध्ये उत्तराची तारीख दिली असेल तर आजच दोन ओळी पाठवा, कागद मागाहून जोडता येतात. गिऱ्हाइकाचं नाव झाकून पुढचा परिच्छेद इथे टाकलात तर रात्री बघतो.