टर्कीच्या पहिल्या सीझनला निघताना

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदाच वसंतात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीला निघतो आहेस, तर महागड्या बंदुकीआधी गप्प बसायचा सराव कर. हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या शिक्षणाचा) कोर्स आणि लायसन्स झालंय असं धरतो.

आदल्या संध्याकाळी नर रातथाऱ्याला कुठल्या झाडांवर चढतात ते हेरून ठेव. पहाटे अंधारातच पोच, पण अगदी त्या झाडाखाली नको. शे-दीडशे यार्ड लांब बस. पाठीशी खांद्यांपेक्षा रुंद खोड घे. आकार लपतो, आणि मागून कुणी चुकून छर्रे झाडले तरी आडोसा राहतो. लाल, पांढरा, निळा रंग अगदी मोज्यातसुद्धा नको, नराच्या डोक्याचे रंग हेच, दुसरा शिकारी तुलाच टर्की समजेल. टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण, वासाचं मात्र तिला फारसं कळत नाही. वाऱ्याची चिंता हरणवाल्यांवर सोड.

सुरुवातीला बॉक्स कॉलच घे, म्हणजे झाकण घासून टर्कीचा आवाज काढायची लाकडी डबी. तोंडात धरून वाजवायची पातळ पट्टी, म्हणजे डायाफ्राम, जमायला वेळ लागतो (आणि घरच्यांचा अंत पाहतो). मादीची हाक हळू दोन-तीनदा दे, नराने उत्तर दिलं की थांब. नवशिके नेमके इथेच वाजवत सुटतात. एरवी मादीच नराकडे जाते. तू उलटं मागतो आहेस, म्हणून तो घुटमळणारच. त्याच्या आवाजाच्या रोखाने सरकू नकोस. इथे वसंतात फक्त हाक देऊनच शिकार करायची असते, शिवाय तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो.

छातीवरची दाढी (लोंबणारा राठ केसांसारखा झुपका) स्पष्ट दिसल्याशिवाय चापाला बोट नको. नेम डोक्या-मानेवर, चाळीस यार्डांच्या आत. पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते; एक छोटी हाक दे, मान वर काढेल तेव्हाच बार काढ.