दहा हजार बिट पुरत नाहीत

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

गेटचा स्कोअर चांगला आला, अभिनंदन! पण तुझ्या मेलमधला अर्ध्याहून जास्त मजकूर कुठून एम.टेक. केलं की किती पॅकेज मिळतं याचाच आहे. त्याचं उत्तर थोडक्यात उरकतो. कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंगवाल्यांना मॉडेम, चिप, रडार, ऑडिओ यांत कामं मिळतात, ती बरीचशी बंगळुरू-हैदराबादकडे. पुण्यातच राहायचं म्हणशील तर पर्याय कमी.

आता मुद्द्याचं. एम.टेक. म्हणायला दोन वर्षं, पण पहिली दोन सेमिस्टर कोर्सवर्क खातं आणि तिसऱ्यात प्लेसमेंटची धावपळ असते. म्हणून या सुट्टीतच लिनियर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी घासून घे. बी.ई.ला आपण ती पेपरापुरती उरकतो. तिथे रॅन्डम प्रोसेसेसचा तास सुरू झाला की घाम फुटतो. आयआयटींच्या एनपीटीईएल पोर्टलवर व्याख्यानं फुकट आहेत. नुसती बघू नकोस, वही घेऊन बस.

दुसरं, सिम्युलेशनवर फार विश्वास टाकू नकोस. बीपीएसकेचा (0 आणि 1 लहरीच्या दोन उलट फेजमध्ये पाठवायची पद्धत) बिट एरर रेट, म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण, काढायला सांगितला की मुलं दहा हजार बिट पाठवून मोकळी होतात. सिग्नल-गोंगाटाचं गुणोत्तर (Eb/N0) 9.6 डीबी असताना हा रेट साधारण लाखात 1 असतो, म्हणजे दहा हजारांत बहुतेक वेळा एकही चूक सापडत नाही. लॉग स्केलवर शून्य दाखवताच येत नाही, त्यामुळे गुणोत्तराविरुद्ध काढलेला रेटचा कर्व्ह मध्येच तुटतो आणि व्हायव्हात ‘सर, इथून पुढे एररच नाहीत’ असं ठणकावून सांगितलं जातं. निदान शंभर चुका मोजायच्या तर कोटीभर बिट पाठवायला हवेत. हा हिशेब न करता काढलेले कर्व्ह मी थिसिसमध्येही पाहिलेत.

यावर उतारा म्हणजे खरा सिग्नल. एक स्वस्तातलं आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) घे, लॅपटॉपला लाव आणि एखादं एफएम स्टेशन पकड. लागोपाठच्या दोन सॅम्पलमधला फेजचा फरक काढला की डिमॉड्युलेशन झालं, म्हणजे लहरीतून आवाज सुटा झाला, पायथॉनमध्ये जेमतेम एक ओळ. मग त्याचा एफएफटी, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती जोर आहे, ते बघ. स्टेशन स्टिरिओ असेल तर 19 किलोहर्ट्झवर पायलट टोन (स्टिरिओची खूण म्हणून स्टेशन पाठवतं तो सूर) काडीसारखा ताठ उभा दिसेल आणि 38 च्या दोन्ही अंगांना डाव्या-उजव्या चॅनलमधला फरक. शिवाय शून्य फ्रीक्वेन्सीवर एक आगंतुक डीसी, म्हणजे न बदलणारी पातळी, बसलेला असेल. कारण डोंगलला फ्रीक्वेन्सी ठरवून देणारा क्रिस्टल थोडा चुकीचा असतो. 100 मेगाहर्ट्झवर 20 पीपीएमची (दहा लाखांत 20) चूक म्हणजे 2 किलोहर्ट्झ. डिमॉड्युलेशननंतर तेवढी सरकलेली फ्रीक्वेन्सी डीसी होऊन येते. पुस्तकातल्या उदाहरणात हा डीसी नसतो. तो तुझा तू शोधून काढलास, की सिंक्रोनायझेशनचं (रिसीव्हरची फ्रीक्वेन्सी आणि वेळ पाठवणाऱ्याशी जुळवण्याचं) अख्खं प्रकरण वाचायला गोडी लागते.

जमलं तर विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून ये, तेव्हा ती लोकांसाठी खुली असते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. विजेच्या तारांपासून मोबाइलपर्यंत सगळा गोंगाट गाळून आकाशातला क्षीण सिग्नल वेगळा काढायचा, हे निव्वळ सिग्नल प्रोसेसिंगच आहे.

थिसिसचा विषय निवडताना सगळ्यावर डीप लर्निंग ओतायची सध्याची टूम आहे. करायचं तर कर, पण आधी त्याच डेटावर वीनर फिल्टर (गोंगाट गाळायची जुनी, साधी गणिती पद्धत) चालवून बघ. पुष्कळदा तोच पुरतो.

राहिला इन्स्टिट्यूटचा प्रश्न. नावापेक्षा गाइड बघ. त्यांच्या आत्ताच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून विचार: सर किंवा मॅडम दर आठवड्याला भेटतात का, लॅबमधलं हार्डवेअर टेबलावर असतं की कपाटात कुलूपबंद? हे कळेपर्यंत सीओएपीवर (आयआयटींच्या एम.टेक.च्या ऑफर स्वीकारायचं पोर्टल) ‘रिटेन अँड वेट’ कर, म्हणजे मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीची वाट बघ. पहिल्याच फेरीत जागा फ्रीझ, म्हणजे पक्की, करायची घाई नको.

कळावे,
तुझे सर