‘हरलो’ म्हणजे नेमकं कोण हरलं?

वेंगुर्ल्याहून एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. त्यांचा भाचा लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता. 2019च्या जानेवारीत मँचेस्टर सिटीने लिव्हरपूलला 2-1 असं हरवलं, त्या रात्री तो आणि त्याचे मित्र वाचकांच्याच पडवीत बसून सामना बघत होते. आपल्याकडे सामना सुरू झाला रात्री दीडला, संपला तेव्हा तीन वाजून गेले होते. पोरांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘हरलो’. वाचकांचे वडील उभा जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्यावर, काढलेले. आवाजाने जागे होऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘तुमी खंय खेळलास? रापणीक हात लावलो तर वाटो गावता.’’ म्हणजे, तुम्ही कुठे खेळलात? रापणीला हात लावला तर वाटा मिळतो. आता तो भाचा कॉलेजात आहे. कॉलेजच्या अंकासाठी त्याने त्या रात्रीवर लेख लिहिला आणि त्यात ‘त्या रात्री आम्ही हरलो’ असं वाक्य घातलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘त्या रात्री लिव्हरपूल संघ पराभूत झाला’ असं केलं. वाचक विचारतात: मराठीत बरोबर काय? न खेळलेल्या माणसाने ‘आम्ही हरलो’ म्हणावं का? आणि क्लबचं नाव घ्यायचं तर हरला, हरली की हरलं?

शेवटचा प्रश्न सोपा, तो आधी घेतो. सावंतवाडी हरली, मालवण हरलं, भारत हरला, हे आपण विचार न करता बोलतो. गावाच्या नावाचं लिंग क्रियापदाला लागतं. परक्या क्लबांनाही आपण याच न्यायाने वागवतो. लिव्हरपूल आपल्या कानाला सोलापूर-कोल्हापूरच्या रांगेतलं वाटतं, म्हणून ‘लिव्हरपूल हरलं’. सिटी आणि चेल्सी ईकारान्त, म्हणून ‘सिटी जिंकली’, ‘चेल्सी हरली’. मनात ‘संघ’ असेल तर ‘लिव्हरपूल हरला’ हेही येतं आणि ते चूक नाही. वर्तमानपत्रं ‘सिटीने लिव्हरपूलवर मात केली’ असं लिहून या पेचातून सुटतात. ‘ने’ आणि ‘वर’ लावले की लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

खरा प्रश्न ‘हरलो’चा आहे आणि तो कोकणात दुप्पट अवघड आहे.

प्रमाण मराठीत पुरुष ‘मी हरलो’ म्हणतो आणि सगळे मिळून ‘आम्ही हरलो’. दोन्हीकडे बोलणारा स्वतः हरलेला. मालवणीत मात्र पुल्लिंगी ‘तो’चं क्रियापद ओकारान्त असतं: घोडो पळालो, पाऊस इलो, संघ हरलो. तिथे ‘हरलो’ म्हणजे ‘तो हरला’. स्वतःबद्दल बोलायचं तर मालवणी माणूस म्हणतो ‘मी हरलंय’ आणि अनेकांबद्दल ‘आमी हरलंव’. गावागणिक उच्चार थोडा हलतो, पण घडण हीच. म्हणजे पडवीत बसलेल्या पोराने नुसतं ‘हरलो’ म्हटलं, तर पुण्याच्या पाहुण्याला ऐकू येईल ‘आम्ही हरलो’ आणि आजोबांना ऐकू यायला हवं ‘संघ हरलो’. पोरं शाळेत प्रमाण मराठी लिहितात आणि घरी मालवणी बोलतात, त्यांच्या तोंडात हे दोन ‘हरलो’ एकमेकांवर बसलेले असतात. आजोबांनी ‘तुमी खंय खेळलास’ विचारलं, यावरून एवढं नक्की की त्यांनी तो शब्द पोरांच्या अर्थाने ऐकला. मालवणी कानाने ऐकला असता तर विचारण्यासारखं काही नव्हतं.

आता ‘आम्ही’कडे येऊ. मराठीकडे इथे अशी एक सोय आहे जी हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, इंग्रजीच्या ‘वी’मध्येही नाही. आपल्याकडे दोन सर्वनामं आहेत. ‘आपण’मध्ये समोरचा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो वगळलेला असतो. ‘आपण जेवूया’ म्हटलं की तुमचं पान मांडलेलं आहे. ‘आम्ही जेवतो’ म्हटलं की तुमची सोय तुम्ही बघा. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’, अशीच जोडी आहे. सामना सुरू असताना ही जोडी काय काम करते ते बघण्यासारखं असतं. पोरं आपसात बोलतात तेव्हा ‘आपण हरलो’. आजोबा बाहेर आले की लगेच ‘आम्ही हरलो’, कारण आजोबा त्या दुःखात नाहीत. आणि त्याच पडवीत एखादा सिटीचा चाहता असेल, सख्खा चुलतभाऊ असेल, तर त्याच्याशी बोलताना ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ अशी रेघ पडते. एका ताटात जेवणारी दोन पोरं नव्वद मिनिटं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. पुढच्या आठवड्यात भारताचा सामना लागला की तीच दोघं पुन्हा ‘आपण’.

तेव्हा चाहत्याचा ‘आम्ही’ म्हणजे खेळणाऱ्या अकरा जणांत घुसण्याचा प्रयत्न आहे, असं मला वाटत नाही. ‘आम्ही’ म्हणताना तो सांगत असतो की हे दुःख कुणाकुणाचं आहे आणि तुझं नाही. व्याकरणाने ‘आम्ही’चं कामच हे आहे.

‘जिंकलो की आपण, हरलो की ते’ असा टोमणा चाहत्यांना नेहमी बसतो आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या संघाच्या सामन्याबद्दल विचारलं, तेव्हा विजयाचं वर्णन करताना ‘आम्ही’ जास्त आलं, पराभवाचं करताना कमी. खेळ त्यांचा, अमेरिकी फुटबॉल, पण माणसाची जात तीच. माझ्या पाहण्यात मात्र याला एक अपवाद आहे. साधा पराभव असेल, तळातल्या संघाकडून झालेला, तर पोरं खरंच ‘ते’वर जातात: काय खेळले, लाज नाही यांना. पण जेतेपदाच्या शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याकडून हार झाली आणि ती महागात पडणार हे कळलं, की रागाचा ‘ते’ गळून पडतो आणि ‘आम्ही’ येतो. घाव वरवरचा असतो तेव्हा दुसऱ्याला बोल लावता येतो. जिव्हारी लागला की माणूस स्वतःबद्दल बोलतो.

वाचकांच्या भाच्याची रात्र नेमकी त्या जातीची होती. सामन्याआधी लिव्हरपूल सिटीच्या 7 गुणांनी पुढे होतं, सामना संपला तेव्हा 4. बरोबरी असताना लिव्हरपूलचा एक चेंडू गोलरेषेवरून बाहेर काढला गेला. तो रेषा पूर्ण ओलांडायला जेमतेम 11 मिलिमीटर कमी पडला होता. करंगळीच्या नखाएवढं अंतर! प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेचा मोसम संपला तेव्हा सिटी 98 गुण, लिव्हरपूल 97. लीगच्या 38 सामन्यांत लिव्हरपूल एकदाच हरलं, आणि ती हीच रात्र. सिटी चार वेळा हरली आणि तरी जिंकली. ज्या पोराने हे सगळं मे महिन्यापर्यंत आठवड्याआठवड्याने मोजलं, त्याला ‘लिव्हरपूल संघ पराभूत झाला’ लिहायला लावणं म्हणजे त्याच्या घरातल्या मयताची बातमी त्याच्याकडून तिऱ्हाइताच्या भाषेत लिहून घेणं.

‘हरणे’ या क्रियापदाचा स्वभावही भाच्याच्या बाजूने आहे. ‘जिंकणे’ दोन्ही प्रकारे चालतं. ‘मी पैज जिंकलो’ म्हणा किंवा ‘मी पैज जिंकली’ म्हणा. दुसऱ्या वाक्यात क्रियापद पैजेच्या मागून गेलं, जिंकणारा बाजूला राहिला. ‘हरणे’ला ही पळवाट नाही. पुरुषाने ‘मी पैज हरली’ म्हटलेलं कानाला खटकतं, ‘मी पैज हरलो’च म्हणावं लागतं. बाई म्हणेल ‘मी पैज हरले’. पैज, सामना, निवडणूक, कर्म कुठलंही असो, क्रियापद हरणाऱ्यालाच चिकटून राहतं. विसरणे, शिकणे, पिणे ही अशीच क्रियापदं: मी नाव विसरलो, धडा शिकलो, चहा प्यालो. कर्म असूनही ‘ने’चा प्रयोग होत नाही, कारण त्या क्रियेचा परिणाम करणाऱ्याच्या अंगात उतरतो. हरण्याची गणना मराठीने या क्रियापदांत केली आहे. मला भाषेची ही जाण फार मोलाची वाटते.

आता आजोबांच्या रापणीबद्दल, कारण त्यांचा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी: होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगा करून ते ओढतात. पाय वाळूत रुतवून, कंबर मागे टाकून, एका हुंकाराबरोबर एक पाऊल. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात, आणि दोराला हात लावलेल्याला वाटा मिळतो. आजोबांच्या जगात ‘आमी’ म्हणायला दोर धरावा लागतो. लिव्हरपूलच्या अँफिल्ड मैदानावरचा दोर वेंगुर्ल्याच्या पडवीपर्यंत येत नाही, हे त्यांचं म्हणणं सरळ आहे. पण रापण रिकामी आली तर? तेव्हा वाटायला काही नसतं, आणि तरीही किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्या घरच्या बायका ‘आज काय गावूक नाय’ म्हणतात तेव्हा त्या स्वतःच्या चुलीबद्दल बोलत असतात. त्यांनी दोर ओढलेला नसतो.

माझ्या मनात हा प्रश्न पहिल्यांदा आला तो 20 डिसेंबर 2015च्या रात्री. गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची, अंतिम लढत होती, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. आमच्याकडून सावंतवाडी-बांद्याची बरीच माणसं गेली होती, मीही एका भाड्याच्या सुमोत होतो. 87व्या मिनिटाला गोवा 2-1 असा पुढे होता. उरलेल्या वेळात दोन गोल बसले आणि चेन्नईयिन 3-2 जिंकली. परतीच्या वाटेवर म्हापसा मागे पडलं तरी गाडीत कुणी बोललं नव्हतं. मागच्या सीटवरच्या एका पोराने निळ्या-केशरी रंगांनी चेहरा रंगवला होता आणि तो रंग घामाने गळ्यापर्यंत उतरला होता. पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, ‘‘हरलो.’’

ड्रायव्हर सबंध सामनाभर बाहेर गाडीपाशी होता. मैदान त्याने पाहिलंही नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता. त्याने आरशातून मागे बघितलं आणि म्हणाला, ‘‘हरलो काय? हरलंव म्हण.’’

‘तो हरला’ नको, ‘आम्ही हरलो’ म्हण. मालवणीने त्याला हा फरक एका अक्षरात करून दिला, प्रमाण मराठीत तो करायला सर्वनाम जोडावं लागलं असतं. त्यानंतर बांद्यापर्यंत गाडीत सगळे बोलत होते, तोही.

तेव्हा वाचकांना उत्तर असं. ‘त्या रात्री आम्ही हरलो’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, अर्थाने नेमकं आहे, ते परत घालावं. सामन्याची बातमी लिहायची असती तर ‘लिव्हरपूल हरलं’ योग्य ठरलं असतं, तिथेही ‘पराभूत झाला’ची गरज नव्हती. पण हा लेख भाच्याच्या स्वतःच्या रात्रीबद्दल आहे.

एक दुरुस्ती मात्र मीही सुचवीन. त्यांनी पाठवलेल्या उताऱ्यात पुढचं वाक्य असं आहे: ‘आणि मे महिन्यात आम्ही जेतेपदही हरलो.’ तिथे ‘जेतेपदही गमावलं’ हवं. सामना हरतात. जे जवळजवळ हातात आलेलं होतं, ते गमावतात.