हिरकणीही तान्हं घरी ठेवूनच गेली होती

"ताई, माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. अंगावर पिते, शिवाय नाचणीचं सत्त्व, मऊ भात खाते. पुढच्या महिन्यात ऑफिसचं तीन दिवसांचं ट्रेनिंग हैदराबादला आहे. सासूबाई म्हणतात, हिरकणी लेकरासाठी कडा उतरली आणि तू विमानात बसून निघालीस! तुंबलेलं दूध नंतर बाळाला बाधतं, असंही म्हणतात. हे म्हणतात, 'तू ठरव.' जाऊ का?"
– एक आई, नाशिक

जा.

हिरकणीचं बोलणं तुला फार लागलेलं दिसतंय, म्हणून आधी तेच. ती रायगडावर गेली होती कशाला? दूध विकायला. तान्हं घरी ठेवूनच. दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरावा लागला. तुझं परतीचं तिकीट काढलेलं असेल. एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्षही घराबाहेर पडलेल्या आयांसाठीच असतो. सासूबाईंना मात्र हे ऐकवायला जाऊ नकोस. त्यांची आपल्याला गरज आहे.

तुंबलेलं दूध छातीत नासत नाही, बाळाला बाधतही नाही. त्रास होईल तो तुला. छाती दगडासारखी होते, गाठी येतात. म्हणून तिथे दर तीन-चार तासांनी दूध काढायचंच, पंपाने नाहीतर हाताने. त्यानेच दूध टिकेलही. छाती लाल होऊन थंडी-ताप आला तर थेट डॉक्टर. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी कायद्यातच आहे, तेव्हा ट्रेनिंगवाल्यांना आत्ताच मेल टाक : कडी लागेल अशी एक खोली हवी. बाथरूम नको.

आजपासून रोज सकाळी मुलगी पिऊन झाली की थोडं काढत जा. साठ मिली निघालं तरी तीन आठवड्यांत सव्वा लिटर होतं. लहान पिशव्या भर, तारीख घाल. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने चालतं. एकाच दाराचा फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात दोनच आठवडे धर. गोठलेलं दूध रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवायचं, वितळल्यावर चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करायचं, गॅसवर नाही. वर साय दिसेल, ते नासलेलं नव्हे. हलकेच हलवलं की मिसळतं. कमी पडलंच तर फॉर्म्युला चालेल, पण कोणता आणि किती ते बालरोगतज्ज्ञांना आधी विचारून ठेव. बाटलीचीही गरज नाही. वाटी-चमचा आहे, आणि माळ्यावर चांदीचं बोंडलं असेल तर ते काढायला सासूबाईंनाच सांग. उकळून घ्यायचं, बाकी त्यांना सगळं येतं.

खरा घोळ मला तुझ्या पत्रातल्या दोन शब्दांत दिसतो : 'तू ठरव.' ऐकायला फार समजूतदार वाटतं. पण रात्री दोनला मुलगी रडत उठली की कोण उठणार, हे तूच ठरवायचं का? ते त्याने ठरवायचं. येत्या शनिवारी रात्री तू दुसऱ्या खोलीत झोप आणि दार लावून घे. तू समोर असलीस की ती वाटीला तोंड लावणार नाही, तुझा वास तिला लांबूनही येतो. पहिल्या रात्री घर डोक्यावर घेईल. दुसऱ्या रात्री थोडं कमी. अशा चार-पाच रात्री झाल्या की नवऱ्याचा हात बसेल, आणि तुझाही जीव जरा थाऱ्यावर येईल.

येताना तिथलं दूध आणायचं असेल तर हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेव, बर्फाच्या पॅकसह थर्मल पिशवीत भर, आणि विमानतळावर तपासणीआधीच सांग. तसं चोवीस तास टिकतं.

घरी पोचल्यावर मुलगी कदाचित तोंड फिरवेल, आजीला चिकटेल. या वयात रुसतात. तू हातपाय धू, कपडे बदल, अंधाऱ्या खोलीत तिला घेऊन बस. बॅग नवरा उघडेल. पिशव्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या आहेत, एवढं फक्त त्याला सांग.