आधी बघा, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो

प्रश्न: नमस्कार ताई. मी एका विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात दीड वर्षापासून कंत्राटी पदावर आहे. संलग्न कॉलेजं दोन जिल्ह्यांत पसरलेली, बरीचशी खेड्यापाड्यातली, आणि कक्षात माणसं दोनच, मी आणि फोटो काढणारे एक दादा. आता वरून सांगितलंय की सगळ्या प्लॅटफॉर्मवर अकाउंट उघडा. एका एजन्सीने पेड टूलही दाखवलंय, एकाच ठिकाणाहून सगळीकडे पोस्ट जाते म्हणे. त्यात मागच्या परीक्षेला पेपर पुढे गेल्याचं खोटं परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं आणि आमचा खुलासा येईपर्यंत होस्टेलची काही मुलं एसटी धरून गावाला गेलीसुद्धा. नेमकं काय वापरू आणि काय सोडू?

उत्तर: ताई, ती गावाला गेलेली मुलं डोक्यातून जात नाहीत, कारण एक पेपर बुडाला की बॅकलॉग लागतो आणि पुढचा प्रवेश अडतो. म्हणून अ‍ॅपच्या आधी दुसरंच विचारते, आज तुमच्या फेसबुक पेजचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? मी पूर्वी ज्या संस्थेत होते तिथलं पेज एका मुलाने स्वतःच्या अकाउंटवरून उघडलेलं, त्याचं कंत्राट संपलं, नंबर बदलला आणि आठ महिने आम्हाला पेजवर एक ओळ टाकता आली नाही, वर गेल्या वर्षीच्या प्रवेशाच्या तारखा तशाच आणि पालक त्या वाचून फोन करतायत. त्याची काही चूक नव्हती, चार्ज देताना हे कुणी मागितलंच नव्हतं.

तेव्हा विद्यापीठाच्या नावावर एक सिम घ्या, त्याचा रिचार्ज कार्यालयाच्या खर्चात लावून घ्या, ईमेल पदाच्या नावाने असू द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. फेसबुक पेजला माणसांची पर्सनल अकाउंटच जोडावी लागतात, तिथे पूर्ण अधिकार निदान दोघांकडे ठेवा आणि त्यातला एकजण कायम कर्मचारी असू दे. आणि पेज म्हणून पर्सनल प्रोफाइल कधीच उघडू नका, पाच हजार फ्रेंड झाले की ते भरतं.

आता खोट्या परिपत्रकाचं. तुम्ही स्वतः परिपत्रकाचा तिरका स्कॅन फोटो म्हणून टाकत असाल तर खोटं करणाऱ्याचं काम सोपं होतं, शिक्का आणि सही उचलायची, तारीख बदलायची, झालं. परिपत्रक आधी वेबसाइटवर चढू दे, जावक क्रमांकासह, मग बाकी सगळीकडे त्याची लिंक आणि खाली दोन ओळी टाइप केलेला मजकूर जाऊ दे. टाइप केलेलं सर्च करता येतं, आणि स्क्रीन रीडर वापरणारी अंध मुलं ते स्वतः ऐकू शकतात, फोटोसाठी त्यांना मित्राची वाट बघावी लागते. ही सवय लागली की मुलंच ग्रुपवर विचारायला लागतात, वेबसाइटवर आहे का हे?

एकच माध्यम निवडायचं तर मी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल निवडेन. भारतात ते सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. ग्रुपमध्ये १०२४ माणसंच मावतात, आणि त्याहून मोठी अडचण अशी की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, अनोळखी माणसांचे मेसेज यायला लागले म्हणून मुली अशा ग्रुपमधून बाहेर पडतात आणि मग त्यांना टाइमटेबलच कळत नाही. चॅनलवर फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, अ‍ॅडमिनचाही नाही. चॅनलचा क्यूआर कोड हॉल तिकिटावर छापायला परीक्षा विभागाला विनंती करा, तो कागद प्रत्येक मुलाच्या हातात जातोच.

टेलिग्राम मोठ्या फाइलींसाठी चांगलं आहे, २ जीबीपर्यंत जाते, जुन्या प्रश्नपत्रिका, सिलॅबस तिथे ठेवा, पण मिळत्याजुळत्या नावाची बनावट चॅनल तिथे सहज निघतात तेव्हा तुमची खरी लिंक वेबसाइटवर ठळक हवी. इन्स्टाग्रामवर पोरं आहेत, तिथे परिपत्रकं कोंबू नका, युवक महोत्सव, इंद्रधनुष्य या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाची तालीम, आविष्कार या संशोधन स्पर्धेतले प्रयोग हे दाखवा, तुमच्या फोटोग्राफर दादांचं काम खरं तिथेच दिसेल. एक्सवर पत्रकार असतात आणि चिडलेले विद्यार्थीही, तिथे रोज कुणी उत्तर देणार नसेल तर अकाउंट आत्ता उघडू नका, तक्रार टाकून कुणी ढुंकून बघत नाही हे मुलाला फार लागतं.

पेड टूल आत्ता नको. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट मेटा बिझनेस सूटमधून फुकट शेड्यूल होतात. फुकटच्या टूलवरही सगळं सोपवू नका, पोस्ट शेड्यूल करणाऱ्या हूटसूटने आपला फ्री प्लॅन २०२३ मध्ये बंद केला आणि त्याच वर्षी एक्सच्या (जुन्या ट्विटरच्या) ट्वीटडेक या टूललाही पैसे लागायला लागले. आणि एकच पोस्ट जशीच्या तशी सगळीकडे जाणं हा फायदा कसला, पोस्टरवरचे बारीक तारखांचे रकाने मोबाइलवर वाचतातरी येतात का! पोस्टरसाठी मुक्त किंवा बलू फॉन्ट घ्या, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, फुकट आहेत आणि जोडाक्षरं छान दिसतात.

वरिष्ठांना सांगताना 'नाही' म्हणू नका, दोन माध्यमं सहा महिने नीट चालवून दाखवतो असं लेखी द्या.

प्रश्न: मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आता चॅनल वगैरे आहे तर एसएमएस बंद करावेत का? खर्च होतो.

उत्तर: नका हो करू. डोंगरातल्या वाडीत नेट नसतं तिथे एसएमएस पोचतो, घरातला एकुलता साधा फोन वडिलांकडे असतो तिथेही पोचतो. खर्च वाढतो तो मजकुरामुळे. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, 'विद्यापीठ' आपल्याला चार अक्षरी वाटतं पण तिथे नऊ धरतात. ७०च्या वर गेलात की दोन मेसेजचे पैसे. म्हणून 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' हे काढून टाका. मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे संस्थांचे एसएमएस नोंदवून घेणाऱ्या टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर, आधीच मंजूर करून ठेवा, विषय आणि तारखेची जागा बदलती ठेवता येते, नाहीतर ऐन पावसात पेपर पुढे गेला की मंजुरीची वाट बघत बसाल. असा लिहा:

बीए सेम ३ पेपर १२ ऐवजी १५ नोव्हेंबरला. वेळ तीच. वेबसाइट पाहा.

मोजून ६१ होतात.